थोरली, धाकली आणि नाना

नानांना चहा हवा असायचा की नको, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. विचारलं की म्हणायचे, "टाक बी, नको बी." मग मी माझ्या मनानं अर्धा कप पुढं करायची. तो कप ते समोर ठेवून थंड होऊ द्यायचे आणि मी गिऱ्हाइकाकडे वळले की संपवायचे. हा माणूस भिडस्त होता, बेरकी होता, की खरोखरच त्याला स्वतःचं मन कळत नव्हतं, याचा मी पुष्कळ विचार केला. मला दुकान चालवायचं असतं; एका माणसाचा विचार करायलाही काही मर्यादा असते.

पारोळ्यात माझं पशुखाद्याचं आणि जनावरांच्या औषधांचं दुकान आहे. सरकीची पेंड, मक्याचा भरडा, खनिज मिश्रण, गोचिडाचं औषध असा माल. लोक म्हशीची तक्रार घेऊन येतात. डॉक्टरांची चिठ्ठी असली तर मी औषध देते, नसली तर शेजारच्या सरकारी दवाखान्याकडे बोट दाखवते. नाना धुळ्याच्या वाटेवरच्या एका खेड्यातले. थोडा कापूस, थोडी बाजरी आणि एक बैलजोडी असलेलं साधं गिऱ्हाईक. बायको गेल्यावर त्यांनी बैल काढले आणि शेत बटाईनं दिलं. आता यांचं आपल्याकडे काही काम नाही, असं मी धरून चालले होते.

तर एका सकाळी ते कापडी पिशवी घेऊन आले आणि तिच्यातून दोन दगड काढून माझ्या गल्ल्यावर ठेवले.

"ताई, ह्या काई खातस नही," म्हणाले.

मी दगडांकडे बघितलं. काळपट पाठ, तिच्यावर उंचवटे, आणि प्रत्येक उंचवट्यावरून चारी बाजूंना फुटलेल्या पिवळ्या रेघा. कुणी बसून ब्रशनं काढाव्यात अशा. मग मोठ्या दगडानं एक पाय बाहेर काढला आणि माझ्या पावतीपुस्तकावर ठेवला.

"नाना, ही चांदणी कासवं आहेत. घरात ठेवायला बंदी आहे यांना. गुन्हा आहे हा."

"गुन्हा व्हई बी," नाना म्हणाले, "नही बी व्हई. डोकरीनी आनेल शेतस."

डोकरी म्हणजे त्यांची बायको. ती असताना नाना तिला याच नावानं हाक मारत आणि ती गेल्यावरही तेच नाव चालू राहिलं. बऱ्याच वर्षांपूर्वी डोकरी निंदणीला गेली असताना बांधाच्या बोराटीखाली तिला ही दोन पिल्लं दिसली होती. मुठीत मावतील एवढी. तिनं ती पदरात घेतली आणि घरी आणली. मोठं होतं त्याला थोरली म्हटलं, लहान होतं त्याला धाकली. एकुलता एक मुलगा पुण्याला लागला होता, घर मोकळं झालं होतं. ती त्यांना काय घालायची, केव्हा घालायची, कशी सांभाळायची, याकडे नानांनी कधी लक्ष दिलं नव्हतं. कासवं तिची, बैल यांचे, अशी घरात वाटणी होती. आता बैल गेले होते, डोकरी गेली होती आणि कासवं उरली होती.

मी वनखात्याचा फोन नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला. नानांनी ती चिठ्ठी टोपीत ठेवली, टोपी डोक्यावर ठेवली आणि विचारलं, "मंग हिले औषध काय देऊ?"

मी त्यांना शेजारी दवाखान्यात पाठवलं. पाठोपाठ मीही गेले, कारण डॉक्टर नवीन होते आणि नाना सरळ काही सांगतील याची मला खात्री नव्हती. डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "मी गाई-म्हशींचा डॉक्टर आहे, नाना. कासव पुस्तकात बघितलंय." तरी त्यांनी दोघांना उलटं करून पाहिलं. थोरलीचं पोट सपाट होतं. धाकलीचं पोट मध्ये खोलगट आणि शेपूट लांब.

"ही मोठी मादी आहे. हा छोटा मात्र नर."

नानांनी वाकून धाकलीचं पोट बघितलं. "डोकरी तर इतला वरीस धाकली म्हने," ते म्हणाले.

"त्यांना माहीत नसेल."

"आनि माहीत व्हई तर?" नानांनी माझ्याकडे वळून विचारलं. "माले कसाले नही सांगं?"

डॉक्टरांनी दूध बंद करायला सांगितलं, कारण नाना त्यांना दूध-पोळी घालत होते. केळी बंद करायला सांगितली, कारण नाना केळीही घालत होते. गवत आणि पाला द्या म्हणाले. पुढचं वाचून सांगतो म्हणाले. नाना पिशवी उचलून निघाले. त्यानंतर कित्येक दिवस दुकानात आले की त्यांचा एकच प्रश्न असे. डोकरीला ते माहीत होतं का, आणि होतं तर तिनं ते लपवलं का. मी म्हटलं, "नाना, लपवून तिचा काय फायदा?" ते म्हणाले, "हां, फायदा त काई नही." आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच. मला वाटतं, चाळीस-पन्नास वर्षांच्या संसारात तिनं अजून काय काय आपल्याला न सांगता ठेवलं असेल, असा काहीतरी घोळ त्यांच्या डोक्यात चालू होता. किंवा नसेलही. ते चेहऱ्यावर काही दिसू देत नसत.

कासवं खात नव्हतीच. कधी एखादं पान कुरतडायची, कधी तेही नाही. अंगणाच्या कोपऱ्यात कापसाच्या वाळक्या काड्या, पऱ्हाट्या, रचलेल्या होत्या, त्यांच्या खाली शिरून पडून राहायची. मुलगा पुण्याहून फोनवर सल्ले द्यायचा. तो चांगला मुलगा आहे. रोज फोन करतो, आणि माहिती सगळी व्हिडिओवरून काढतो. ते व्हिडिओ थंड देशातल्या लोकांचे. त्यात म्हटलं होतं, या कासवांना ऊब लागते. मुलानं कुरिअरनं ऊब देणारा खास बल्ब पाठवला.

तेव्हा वैशाख चालू होता. खानदेशात वैशाखात नळाला आपोआप गरम पाणी येतं आणि दुपारी कावळेसुद्धा चोच वासून बसतात. अशा दिवसांत नानांनी घरात ऊब देणारा बल्ब लावला. ते बघून शेजारच्या जिजी म्हणाल्या, "अहो नाना, मुकं जनावर शे, मरी जाई. कूलर लावा त्यास्ले." नानांना दोघांचंही पटलं. म्हणून त्यांनी दोन्ही लावलं.

हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. माल आणायला मला धुळ्याला जायचं होतं. ऊन चढायच्या आत निघाले होते आणि नानांचं गाव वाटेवरच होतं. म्हटलं, डोकावून पुढं जाऊ. खोलीत एका अंगाला कूलर घों-घों करत होता, दुसऱ्या अंगाला खुर्चीच्या पाठीला बांधलेला लाल बल्ब जळत होता आणि मध्ये गोणपाटावर थोरली आणि धाकली. नाना खाटेवर बसून त्यांच्याकडे बघत होते. थोरलीच्या नाकातून बारीक बुडबुडे येत होते.

"नाना, तिला सर्दी झालीय."

"उन्हाळा शे ना?" नाना म्हणाले. त्यांना उन्हाळ्यात सर्दी कशी, हे विचारायचं होतं.

मी आधी बल्ब काढला, मग कूलर बंद केला आणि दोघांना उचलून अंगणात पऱ्हाट्यांजवळ नेऊन ठेवलं. ओलसर गार वारा सतत अंगावर, वर लाल बल्ब. म्हैससुद्धा आजारी पडली असती. एवढं कळायला कासवाचा अभ्यास लागत नाही. पण अंगणात पाऊल टाकलं आणि मला शिंका सुरू झाल्या. मला धुळीचा त्रास आहे. त्या अंगणात घोट्याएवढी भुकटी साचली होती, कोंबड्या चालल्या तरी ढग उठत होता.

"बादली कुठाय? सडा तरी टाकायचा ना, नाना. काय ही धूळ."

"सडा डोकरी टाके," नाना म्हणाले. जणू डोकरी गेली म्हणजे सड्याचा विषय संपला.

मी बादली घेतली, पदर खोचला आणि हातानं पाणी शिंपडत सगळं अंगण ओलं केलं. शिंका थांबाव्यात एवढाच माझा उद्देश होता. मातीचा वास सुटला. पऱ्हाट्यांजवळ एका खोलगट जागी थोडं पाणी साचलं. मी बादली ठेवून हात पुसत होते, तेवढ्यात नाना म्हणाले, "ताई, देख."

थोरलीची मान बाहेर आली होती. मग पाय. ती निघाली ती सरळ त्या डबक्याकडे. डबकं कसलं, बशीभर पाणी. तिनं त्यात तोंड टेकवलं आणि प्यायला लागली. पीतच राहिली. धाकली मागून आली, तीही प्यायली. मग दोघी अंगणात फिरू लागल्या. ओट्याजवळ घोळीची भाजी उगवलेली होती, ती थोरलीनं मुळापासून ओरबाडली.

मी नानांकडे बघितलं. मला वाटलं, आनंद होईल. पण ते गोंधळून गेले होते. "डोकरी रोज पहाटे टाके," ते म्हणाले. "रोज. मी खाट वर बशी राहू, ह्या निघेत. माले वाटे, उजेड पडना म्हनीसन निघतस."

त्यांना काय वाटत होतं ते मला तेव्हाही नीट समजलं नाही. सडा हा डोकरीच्या लेखी अंगणाचा होता, की कासवांचा? तिला ते ठाऊक होतं, की ती आपली जन्मभराच्या सवयीनं टाकत होती आणि कासवं त्या सवयीवर जगत होती? डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, पावसाचा वास आला की ही हालचाल करत असतील, आणि पाणी मिळत नव्हतं म्हणून खात नसतील. असेल. पण नानांचा प्रश्न तो नव्हताच.

दुसऱ्या दिवसापासून नाना सडा टाकू लागले. आमच्याकडे पुरुष नांगर धरतो, पाणी भरतो, प्रसंगी भाकरीही थापतो. पण पहाटे दारात वाकून सडा टाकणारा पुरुष गावानं पाहिला नव्हता. जिजींनी एक दिवस भिंतीवरून विचारलं, "नाना, सडा त व्हयना. आते रांगोळी बी काढा."

"शिकाड मंग," नाना म्हणाले.

जिजी हसत हसत घरात गेल्या. नाना चेष्टेत म्हणाले होते की खरंच, हे जिजींनाही समजलं नाही. त्यांनी ते मला येऊन विचारलं.

थोरलीची सर्दी गेली. दोघी खाऊ लागल्या. पावसाळा तोंडावर आला आणि नानांचं दुकानात येणं कमी झालं. मग एक दिवस ते आले आणि चहाचं विचारायच्या आधीच बाकावर बसले.

"ताई, मी हो म्हनेल नही," ते म्हणाले.

"कशाला?"

हळूहळू सगळं बाहेर आलं. मोटरसायकलवर एक परका माणूस गावात आला होता. अशी कासवं घरात ठेवली की बरकत येते, असं मानणारे लोक आहेत आणि त्यांना ती पुरवणारेही आहेत. त्याला कुठून तरी वास लागला होता. त्यानं नानांना विचारलं, घेऊन जाऊ का? आणि नाना नेहमीप्रमाणे म्हणाले होते, न्या बी, नका बी. तो माणूस म्हणाला, ठीक, बाजाराच्या दिवशी पेटी घेऊन येतो.

"पण नाही म्हटलंत का त्याला?"

"तसं बी नही."

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, "नाना, आता दुसरा मार्ग नाही. आजच्या आज वनखात्याला फोन करू. ते येऊन नेतील."

"नही," नाना म्हणाले.

इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून पुढं काही न जोडलेलं 'नाही' पहिल्यांदाच ऐकलं. त्या नादात मी गिऱ्हाइकाला पेंडीऐवजी भरडा मोजून दिला.

"मग तो आल्यावर काय करणार?"

"कडी लावसू."

"आणि पुढच्या बाजाराला?"

नाना उठले आणि चालते झाले. मी मागून हाक मारली नाही. मला रागच आला होता. त्यांचा की त्या मोटरसायकलवाल्याचा, सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतेय तोच नाना पायरीवर उभे. "लाव फोन," म्हणाले.

"काल तर नाही म्हणालात."

"काल म्हनेल." ते शटरकडे बघत बोलत होते. "आज सडा टाकता टाकता मन मा उनं, मना नंतर सडा कोन टाकी?"

"पुण्याला सून आहे ना."

"तिले अंगण नही, ताई."

मी फोन लावला.

वनखात्याची गाडी नानांच्या दारात दुपारी आली. बरोबर एक वनरक्षक मुलगी होती, खाकी कपडे, वेणी टोपीत खोचलेली, बोलायला चटपटीत. मी आधीच पोचले होते. नाना आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून ओट्यावर बसले होते आणि शेजारी एक पिशवी होती. मला वाटलं, कासवं पिशवीत घातली की काय. आत धोतर, सदरा, टॉवेल आणि दाढीचं सामान होतं.

"हे कशाला, नाना?"

"गुन्हा शे ना? तूच म्हने."

ते तुरुंगात जायच्या तयारीनं बसले होते. त्या मुलीनं पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला हसू आवरायला तोंड फिरवावं लागलं, आणि तोंड फिरवल्यावर हसू आलं नाही.

"किती वर्षं आहेत तुमच्याकडे?" तिनं नानांना विचारलं.

"डोकरीले माहीत व्हतं. ती त मरी गयी."

तिनं पुढं तो प्रश्न विचारला नाही. पंचनामा झाला, सह्या झाल्या. स्वतःहून दिलीत, बरं केलंत, म्हणाली. पुढं केस झाली नाही. का झाली नाही, ते मला कुणी समजावून सांगितलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही. तिनं प्लास्टिकच्या क्रेटमध्ये गवत पसरलं आणि दोघींना आत ठेवलं. नाना म्हणाले, "पोरी, सकायले पानी शिंपडजो. मंग खातस ह्या."

"थोडे दिवस आम्ही बघू, नाना. मग त्यांना माळावर सोडायचं. तिथं कोण शिंपडणार? तिथं लागत नाही तसलं काही."

"मंग आठे का लागे?"

ती क्रेट उचलायला वाकली. क्रेट गाडीत ठेवताना थोरलीचे पाय प्लास्टिकवर खरखरत होते. गाडी गेल्यावर नाना पिशवी घेऊन आत गेले आणि कपडे पुन्हा दोरीवर टाकले. बाजाराच्या दिवशी तो मोटरसायकलवाला खरंच आला. नानांनी त्याला रिकामं अंगण दाखवलं. तो काय म्हणाला, ते नानांनी सांगितलं नाही.

नाना त्याच वर्षी हिवाळ्यात गेले. झोपेतच गेले. मी भेटायला दारावर जाऊन आले. मुलगा भेटला, म्हणाला, "ताई, मी त्यांना पुण्याला चला, पुण्याला चला म्हणत होतो. त्यांना यायचं होतं की नव्हतं, हेच मला समजलं नाही." मी म्हटलं, "कुणालाच समजायचं नाही."

पण नाना म्हटलं की मला तो दिवस आठवत नाही. आठवतो तो त्याआधीचा, भाद्रपदातला एक दिवस. त्या वनरक्षक मुलीचा मला फोन आला. कासवं तब्येतीनं चांगली आहेत, उद्या सकाळी सोडतोय. नानांना यायचं असेल तर घेऊन या, जागा मात्र कुणाला सांगू नका. नियमात हे बसतं का, मला माहीत नाही. मी नानांना विचारलं, येता का. ते म्हणाले, "येसू बी..." आणि पुढचं बोलायच्या आत स्कूटीवर मागे बसले.

जागा म्हणजे बोराटी आणि कुसळी गवताचा माळ. पावसानं उघडीप दिली होती आणि गवत शेंड्याकडून पिवळं पडायला लागलं होतं. उन्हाचे पट्टे आणि सावलीचे पट्टे, सगळं एकात एक मिसळलेलं. मुलीनं दोघींना एका झुडपाखाली ठेवलं. नानांच्या अंगणात ही कासवं ओसरीवरूनसुद्धा ओळखू यायची. इतकी वेगळी, इतकी रंगवल्यासारखी. थोरली थोडी थांबली, मान काढली आणि चार पावलं गवतात गेली. धाकली दुसऱ्या बाजूनं. मुलीनं नानांना काहीतरी विचारलं. ते क्षणभर तिच्याकडे वळले आणि पुन्हा खाली बघितलं, तर तिथं काही नव्हतं.

"कोठे ग्यात?"

"इथंच आहेत, नाना," मुलगी म्हणाली. "गेल्या नाहीत कुठं. ती पाठ असते ना, ती अशा गवतासाठीच असते. हेच तर पाहिजे आपल्याला."

नाना वाकून बघू लागले. मीही बघितलं. पिवळ्या रेघा सगळीकडे होत्या. वारा आला की त्या हलत आणि थांबला की थांबत. त्यातली कुठली गवताची आणि कुठली थोरलीची, मला काही ओळखता येईना. ऊन वर येत होतं. दुकान उघडायचं राहिलं होतं, मालाचा टेम्पो येणार होता.

"चला नाना," मी म्हटलं.

नाना जागचे हलले नाहीत. त्यांनी एक पाय उचलला होता. तो तसाच अधांतरी धरून त्यांनी खालच्या गवताकडे पाहिलं आणि तो पुन्हा होता तिथंच टेकवला.

"पाय कोठे ठेवू, ताई?" ते म्हणाले.

मी त्यांच्या पायापाशी बघितलं. मग माझ्या. ती मुलगीसुद्धा उभी होती तिथंच थांबली. आम्ही तिघं त्या गवतात उभे राहिलो आणि पहिलं पाऊल कुणीच टाकेना.